साहेबांची पावसातली परीक्षा

“पास व्हायचंय, की गाडी चालवायचीय?”

मागच्या सीटवर बसता बसता साहेब हा प्रश्न विचारायचे आणि पुढं बसलेल्या उमेदवाराच्या तळहातांना घाम फुटायचा. ‘पास व्हायचंय’ म्हटलं तर पंचाईत, ‘गाडी चालवायचीय’ म्हटलं तर आगाऊपणा. उत्तर काहीही आलं तरी साहेब नुसतं ‘हं’ म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायला लागायचे. तुम्ही लायसन्स काढलं असेल तर असा एखादा इन्स्पेक्टर तुमच्याही वाट्याला आला असेल. आला नसेल तर तुम्ही नशीबवान आहात, आणि तुम्हाला गाडी नीट येते की नाही याबद्दल मला जरा शंका आहे.

माझं नारायण पेठेत ड्रायव्हिंग स्कूल आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागं मी चालवते. शिकणाऱ्यांना टेस्टला घेऊन जायचं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी साहेबांची गाठ पडायचीच. ऑफिसात इतर इन्स्पेक्टर होते, त्यांना नावं-आडनावं होती. नुसतं ‘साहेब’ म्हटलं की मात्र हेच. उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला एकच निळं पेन. मूळचे अकोल्याकडचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेली की बोलणं अगदी पुस्तकी. आवाज कधी चढला नाही. “थांबवा. उतरा. पुन्हा या.” एवढंच म्हणायचे, आणि माझा विद्यार्थी पडक्या चेहऱ्यानं खाली उतरायचा.

एकदा मी भांडलेच. माझ्याकडं शिकणाऱ्या एका बँकेतल्या बाईंनी इतकी सुरेख गाडी चालवली होती की माझाच ऊर भरून आला होता. साहेबांनी नापास केलं.

“काय चुकलं त्यांचं?” मी फणकाऱ्यानं विचारलं.

“बसण्याआधी गाडीभोवती फिरल्या का त्या?”

“त्यानं काय होतं?”

“टायरला टेकून मांजर झोपलेलं असतं, मॅडम. कधी कधी लहान मूल खेळत असतं.”

आठवडाभर मी धुमसत होते. मग शिकवायला लागले. तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक विद्यार्थी आधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मगच दार उघडतो. समोरचे दुकानदार म्हणतात, बाईंनी गाडीला प्रदक्षिणा घालायला लावलंय, आता प्रसाद कधी वाटणार? त्यांना काय सांगायचं?

स्वतःच्या बायकोलाही साहेबांनी सोडलं नव्हतं. वहिनी माझ्याकडंच शिकायला यायच्या. खरं तर नवऱ्यानं बायकोची परीक्षा घ्यायची नसते. तसं साहेबांनी वरिष्ठांना कळवलंही होतं आणि त्यांची टेस्ट दुसऱ्या इन्स्पेक्टरकडं दिली होती. त्या दुसऱ्यानं वहिनींना पास केलं. साहेबांनी घरी आल्यावर पुन्हा घेतली, सोसायटीच्या आवारात, आणि दोनदा नापास केलं. “लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे आणि निकाल यांच्या डोक्यात,” वहिनी म्हणायच्या. “नापास करून वर पोळीवर तूप मागतात. माझीच कमाल.”

असा हा माणूस निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत त्यानं लाल स्पोर्ट्स कार घेतली. आमच्या सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या ग्रुपवर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. कोणाचा विश्वासच बसेना.

मी वारज्याला त्यांच्या घरी बघायला गेले. दोनच सीटांची, छप्पर उघडणारी, इतकी बुटकी की बसताना आधी वाकायचं आणि मग स्वतःला खाली सोडून द्यायचं. जुनीच घेतलेली, पण कुठं ओरखडा नाही. साहेब तिच्याभोवती फिरत होते. सवयीनं, मांजर बघत.

“ही गाडी मीच पास केलीय, मॅडम,” ते म्हणाले. “शोरूममधून आली तेव्हा. रजिस्ट्रेशनला गाडी आली की चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, ठसा उमटवतात. हिचा ठसा मी स्वतः घेतला होता.”

“तेव्हापासून मनात होती?”

“हं,” साहेब म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. हा माणूस लाजू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मालकानं गाडी विकायला काढली तेव्हा साहेब अजून नोकरीत होते, म्हणून त्यांनी त्याला निवृत्तीपर्यंत थांबायला लावलं. खुर्चीवर बसून गाडीवाल्याशी सौदा करायचा नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. तो बिचारा सात महिने थांबला.

सोसायटीतले लोक नारळ आणि लिंबं घेऊन आले. घरात शिरताच समोर बुद्धाची पांढरी मूर्ती होती, वहिनींनी खीर केली होती, पूजेबिजेचा बेत नव्हताच. पण साहेबांनी कोणाचं मन मोडलं नाही. “नारळ फोडा, आपण खाऊ,” म्हणाले. “चाकाखाली मात्र काही घालू नका. टायर नवे आहेत.”

आणि इथून त्या गाडीची खरी कहाणी सुरू झाली. म्हणजे, सुरू होईना.

साहेब ती पावसात काढायचे नाहीत. जून ते ऑक्टोबर ती राखाडी कव्हरखाली बसून असायची. नोव्हेंबरात एखादा ढग आला तरी “आज नको.” मे महिन्यात “वळीव येईल.” फेब्रुवारीतल्या लख्ख सकाळीसुद्धा आधी गच्चीत जाऊन चारी दिशांना बघून यायचे, हात बाहेर काढून वाऱ्याचा अंदाज घ्यायचे, आणि मग पायऱ्या उतरून किल्ली घ्यायचे. सोसायटीतल्या बायकांनी याचा बरोबर उपयोग करून घेतला. लाल गाडी फाटकाबाहेर पडली की गच्चीत पापड पडायचे. मोबाइलवरच्या हवामानापेक्षा साहेबांवर त्यांचा भरवसा जास्त होता. चार वर्षांत एकदाही पापड भिजले नाहीत, आणि चार वर्षांत गाडी फार तर चाळीस वेळा बाहेर पडली असेल.

एका वर्षी वहिनींच्या वाढदिवसाला, नियम मोडून, लाल गाडीनं लोणावळ्याला जायचं ठरलं होतं. ऑगस्ट, पण चांगलं ऊन होतं. वहिनी नवी साडी नेसून, डोक्याला स्कार्फ बांधून खाली आल्या. साहेब वर बघत उभे. खडकवासल्याच्या बाजूला तळहाताएवढा ढग होता. दोघं रिक्षानं डेक्कनला जाऊन डोसा खाऊन आले. दिवसभर थेंब पडला नाही.

“साहेब, गाडी आहे ती, गुळाची ढेप नाही,” मी एकदा म्हणाले. “विरघळणार आहे का?”

ते हसले नाहीत. “मॅडम, नोकरीभर मी अपघातातल्या गाड्या तपासल्यात. निम्म्या पावसातल्या. आवडत्या वस्तूला आपण होऊन वाईट दिवसात का घालायचं? चांगले दिवस येतात की. थांबायचं.”

पटलं नाही, पण त्यांच्यापुढं मी आजवर कधी जिंकले होते?

मग एका उन्हाळ्यात वहिनींच्या लक्षात आलं, की साहेबांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दर दोन दिवसांनी कलंडतोय. आधी त्या चिडल्या, मग घाबरल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं हळूहळू जातं; गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांच्या औषधानं राखायचं. डाव्या डोळ्याची कड बरीच गेली होती.

“गाडी?” साहेबांनी विचारलं.

“शक्यतो नको,” डॉक्टर म्हणाले.

साहेब घरी आले ते भडकूनच. वहिनींनी मला फोनवर सगळं सांगितलं. “डोळ्यांचं दुःख नाही त्यांना, ‘शक्यतो’चं दुःख आहे. सकाळपासून तेच चाललंय. शक्यतो म्हणजे काय? पास की नापास? असा कुठं निकाल असतो का?”

गाडी कव्हरखाली गेली. जून झाला, जुलै आला. जुलैतल्या एका शनिवारी पाऊस नुसता कोसळत होता, धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या, आणि मला साहेबांचा फोन आला.

“मॅडम, उद्या सकाळी सहाला एक टेस्ट घ्यायचीय.”

“या पावसात? कोणाची?”

“माझी.”

मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

“साहेब, पाऊस थांबू दे की. चार महिन्यांनी घेऊ.”

“कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या सकाळी, ओळखीच्या वाटेवर मी पास होईनच. त्याला काय अर्थ आहे? तुम्ही पावसात घ्या. मला तुमच्याकडून ‘शक्यतो’ नकोय.”

रात्रभर मला झोप नाही. खोटं कशाला सांगू, वीस वर्षं मी मनातल्या मनात या माणसाला नापास करण्याचा दिवस रंगवला होता. काय बोलायचं, कसा चेहरा करायचा, सगळं पाठ होतं. आणि आता तो दिवस आला तर मनापासून वाटत होतं, पास होऊ दे रे बाबा.

सकाळी वहिनी फाटकाशी छत्री धरून उभ्या होत्या. साहेबांनी कव्हर काढून घडी घातली. गाडीभोवती फिरले, या वेळी मान पार वळवून वळवून बघत. मी डावीकडं बसले आणि ठरवल्याप्रमाणे विचारलं, “पास व्हायचंय, की गाडी चालवायचीय?”

“चालवायचीय,” साहेब म्हणाले. एका क्षणात, कसलाही विचार न करता.

आणि काय चालवली हो त्यांनी! मी हजारभर लोकांना गाडी शिकवली असेल, पण असं चालवताना मी कोणाला बघितलं नव्हतं. शिवणे गाव मागं पडलं, मुठा खोऱ्याकडचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना भातखाचरं तुडुंब आणि समोर वायपरच्या दोन फटकाऱ्यांमध्ये दिसेल तेवढाच रस्ता. पाण्याचं डबकं आलं की आधीच वेग उतरलेला, वळण आलं की गिअर आधीच पडलेला. गाडी रस्त्याला चिकटून चालली होती आणि इंजिनाचा तो खर्जातला आवाज पाठीच्या कण्यातून वर चढत होता. चार वर्षं जिला जपलं ती ही गाडी पावसाला अजिबात घाबरत नव्हती. साहेबांचा चेहरा एखाद्या शाळकरी पोरासारखा फुलला होता, आणि बघता बघता त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली.

“पाह्यलं का? पाह्यलं का मॅडम, कशी बसली वळणावर! अरे बाप्पा! अन् मी हिले घरात कोंडून ठेवली होती! काहून ठेवली होती मी?”

“मला काय विचारता? बघा समोर!”

“समोरच पाहून राह्यलो ना!”

आम्ही दोघंही मोठमोठ्यानं हसत होतो. मी परीक्षक आहे हे मी विसरले होते. एका चढावर त्यांनी गाडी अशी काही ओढली की माझ्या तोंडून चक्क शिट्टी निघाली, आणि मी आयुष्यात कधी शिट्टी वाजवलेली नाही.

तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक दूधवाला मोटरसायकलवरून बाहेर आला. दोन्ही बाजूंना किटल्या, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. तो रस्त्यावर येऊन टेकला तरी साहेबांनी गती कमी केली नाही. वीतभर अंतर राहिलं असेल. त्यानं हँडल फिरवलं, किटल्या खणखणल्या, आम्ही पुढं निघून गेलो. काही झालं नाही.

साहेबांनी वेग उतरवला. मग म्हणाले, “तुम्ही आत्ता ब्रेक दाबलात.”

शिकवायच्या गाडीत डावीकडंही एक ब्रेक असतो, आमच्यासाठी. वीस वर्षांची सवय. पाय आपोआप जातो.

“इथं कुठं ब्रेक आहे, साहेब?”

“नाही. पण तुम्ही दाबलात. चटईवर पाय आपटलेला ऐकला मी. कोण होतं?”

“दूधवाला. डावीकडून.”

“मला नाही दिसला.”

त्यांनी गाडी व्यवस्थित कडेला घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, चावी बंद. सगळं क्रमानं. छपरावर पाऊस ताडताड वाजत होता. ते समोर बघत म्हणाले, “हं. निकाल सांगा.”

सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं. ‘एवढं काय, दूधवाल्याचीच चूक होती,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ती त्याची चूक होतीही. पण हा माणूस मांजर बघायला गाडीभोवती फिरायला लावणारा होता. त्याला खोटा निकाल द्यायची माझी हिंमत झाली नाही.

“नापास, साहेब,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्यालाही इस्त्री होती. “बरोबर निकाल आहे,” ते म्हणाले. “रडता काय? उत्तम परीक्षा घेतलीत. तो माणूस दूध घालायला गेला, घरी पोचेल. हेच पाहिजे होतं.” थोडा वेळ त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, अगदी आम्ही शिकवतो तसे. मग उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले.

“सरका. तुम्ही चालवा. आणि छप्पर उघडा.”

“साहेब, पाऊस आहे!”

“दिसतोय ना. समोरचं सगळं दिसतं मला.”

छप्पर उघडलं. दोन मिनिटांत आम्ही दोघं ओलेचिंब, सीटा ओल्या, पायाशी पाणी. मी बिचकत, तिसऱ्या गिअरमध्ये, लग्नाच्या वरातीसारखी चालवत होते. साहेबांनी दोन्ही हात वर केले, तळव्यांवर पाऊस घेतला आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले, “दाबा ना मॅडम! काय बैलगाडी हाकून राह्यल्या!”

मी दाबली. त्या दिवसाबद्दल मला आणखी काही सांगता येणार नाही, इतकी मजा आली.

मग उरलेला सगळा पावसाळा आमचा दर रविवारचा नेम झाला. पाऊस जोराचा असेल तर साहेबांचा फोन साडेपाचलाच. ऊन असलं तर फोन नाही. एकदा पाऊस जरा उघडला असताना लाल गाडी बाहेर पडली, म्हणून सवयीनं बायकांनी गच्चीत पापड घातले, ते सगळे भिजले, आणि सोसायटीच्या बैठकीत साहेबांबद्दल तक्रार आली. वहिनींनाही एका रविवारी लोणावळ्याला नेलं. दोनच सीटा, म्हणून मी घरीच राहिले आणि गाडी चालवली ती वहिनींनी. साहेबांनी त्यांना तिसऱ्या खेपेला पास केलं. “यांचे डोळे अधू झाल्यावर पास झाले मी,” वहिनी मला म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांचं नागपूरला लेकीकडं कायमचं जायचं ठरलं. डोळ्यांचं बघणारं कोणीतरी जवळ हवं होतं. गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकं रांगेनं आली आणि साहेबांनी एकेकाची टेस्ट घेतली. हो, गाडी विकणाऱ्यानं घेणाऱ्याची! पहिल्यानं बसल्या बसल्या फोन लावला, उतरा. दुसरा म्हणाला, ‘अंकल, किती पळते ते सांगा, बाकी सोडा.’ उतरा. तिसऱ्यानं पाऊस बघून “परवा येतो” म्हटलं, येऊ नका. मी म्हणाले, साहेब, अशानं गाडी गंजेल इथंच. ते ‘हं’ म्हणाले.

चौथी आली ती लोणी काळभोरची एक मुलगी. तिथल्याच कॉलेजात शिकवायची. परतीचा पाऊस धो धो पडत होता आणि ती एसटीनं, भिजत आली होती.

“गाडी लय भारी हाय काका,” ती म्हणाली. “पण मला रोज न्यायची हाय. पावसात बी. चालंल ना?”

“कुठं शिकलीस?”

“वडलांच्या ट्रॅक्टरवर. चिखलातच शिकले.”

साहेब तिच्याबरोबर अर्धा तास फिरून आले. फाटकातून आत येताना मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं, गाडी गेली.

कागदांवर सह्या झाल्या. “एकच अट,” साहेब तिला म्हणाले. “पाऊस आहे म्हणून घरी ठेवायची नाही.” तिनं मान हलवली. गाडीभोवती एक फेरी मारली, ती मात्र कोणी न सांगता, आणि बसली.

आम्ही फाटकात उभे होतो. साहेब, वहिनी, मी. पाऊस चालूच होता. लाल गाडी रस्त्यापर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि डावीकडं वळून दिसेनाशी झाली. साहेब सरळ समोर बघत होते. डावीकडचं त्यांना दिसत नाही आणि मान वळवायला त्यांना उशीर झाला होता.

“वळली?”

“वळली.”

“इंडिकेटर दिला का तिनं?”

ती पोरगी आनंदाच्या भरात खिडकीतून हात काढून आम्हाला टाटा करत वळली होती. इंडिकेटर लागलाच नव्हता.

“दिला, साहेब,” मी म्हणाले.

वहिनींनी छत्रीआडून माझ्याकडं बघितलं.

“हं,” साहेब म्हणाले. “चांगली चालवेल.”